खाडे

माझी जन्मतारीख १ जून. म्हणजे माझी नव्हे, आमच्या हेडमास्तरांची. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजोबा मला शाळेत घालायला घेऊन गेले तेव्हा मास्तरांनी विचारलं, "पोरगं कधीचं?" आजोबा म्हणाले, "बेंदराच्या आदल्या रात्री झालं. पाऊस लागला होता." बेंदराचा हिशोब मांडत बसण्यापेक्षा मास्तरांनी शाळेच्या सोयीचा हिशोब मांडला आणि १ जून लिहून मोकळे झाले. आमच्या वर्गातली निम्मीअधिक पोरं त्याच दिवशी जन्माला आली. माझ्या आयुष्याचं पहिलं नियोजन असं टाकाच्या एका फटकाऱ्यात झालं, आणि ते इतकं पक्कं ठरलं की येत्या ३१ मेला मी सरकारी नियमाने अठ्ठावन्न पुरी करून निवृत्त होतो आहे. त्या दिवशी आमच्या कचेरीत निरोप समारंभांची रांग लागते. शाली आणि नारळ घाऊक भावाने आणावे लागतात.

त्यानंतर मी जी काही नियोजनं केली ती सगळी माझी स्वतःची होती. ती सांगतोच.

निवृत्ती जवळ आली की आमच्याकडे दोन दिवसांचं प्रशिक्षण असतं. मी पेन्शनचे कागद, सेवापुस्तकाची झेरॉक्स असं सगळं घेऊन गेलो होतो. समोर तिशीतला एक हसरा मुलगा, भर भाद्रपदातल्या उकाड्यात कोट घालून उभा. त्याने पेन्शनचं नावही काढलं नाही. म्हणाला, "पुढच्या दहा वर्षांत तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" माझ्या शेजारचे लेखाधिकारी मान खाली घालून पुटपुटले, "दवाखान्याच्या रांगेत." मुलगा चांगला होता. ऐकून न ऐकल्यासारखं करून त्याने फळ्यावर एक खिडकी काढली. चार तावदानांची. म्हणाला, "ही जोहारी विंडो."

आम्हा निम्म्या लोकांना ते 'जव्हेरी' ऐकू आलं आणि सोन्याच्या भावावर थोडी कुजबुज झाली. पण हे जोहारी म्हणजे कुणी सोनार नव्हेत. १९५५ साली जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ही खिडकी मांडली आणि जो आणि हॅरी मिळून जोहारी असं तिचं बारसं केलं. एका तावदानात आपल्याबद्दल आपल्यालाही ठाऊक आणि लोकांनाही ठाऊक असलेल्या गोष्टी. दुसऱ्यात आपल्याला ठाऊक, पण लोकांपासून झाकलेल्या. तिसऱ्यात लोकांना दिसतात, पण आपल्याला पत्ता नाही अशा. चौथं तावदान कुणालाच ठाऊक नसलेल्या गोष्टींचं. मुलगा म्हणाला, तिसरं तावदान उघडलं की आत्मज्ञान. मी ते वहीत लिहून घेतलं, कारण सरकारी नोकरीत फळ्यावरचं लिहून घ्यायची सवय असते, आणि विसरून गेलो.

घरी आलो ते 'जीवनध्येय पत्रक' घेऊन. पाच ध्येयं लिहायची, प्रत्येकापुढे मुदत लिहायची आणि ठरल्या दिवशी आणून द्यायचं.

ध्येयं लिहिण्याचा मला अनुभव नाही असं कुणी म्हणू नये. माळ्यावरच्या ट्रंकेत माझ्या अकरा डायऱ्या आहेत. (कंत्राटदारांनी दिवाळीला दिलेल्या नव्हेत, आमच्या पतसंस्थेच्या. हे आधीच सांगितलेलं बरं.) पत्रक भरायच्या निमित्ताने त्या खाली काढल्या. प्रत्येक डायरीच्या १ जानेवारीच्या पानावर ठळक अक्षरात 'संकल्प', खाली दोन रेघा. १९९७ च्या डायरीत पहिला संकल्प 'पहाटे ५ ला उठणे'. २००३ मध्ये ते साडेपाच झालं. २०११ मध्ये सहा. २०१८ च्या डायरीत नुसतं 'वेळेवर उठणे' आहे, वेळ कोणती ते लिहिलेलं नाही. वजनाचा आकडा मात्र उलट्या दिशेने चालला होता. ९७ साली मला ६८ चं ६४ करायचं होतं. २०११ साली ७९ चं ७४. ज्या वजनाला पोचायची एवढी धडपड चालली होती, ते मी आधीच्याच डायरीत मागे टाकून आलो होतो.

इंग्रजी सुधारण्यासाठी रोज दहा शब्द पाठ करण्याचा संकल्प तर सात डायऱ्यांत आहे. शब्दकोश पहिल्या पानापासून धरायचा ही शिस्त. त्यामुळे सातही वर्षी माझा अगदी सुरुवातीचा शब्द 'अबॅन्डन', अर्थ सोडून देणे. 'ए' हे अक्षर मी कधीच ओलांडलं नाही, पण हा एक शब्द मला असा काही येतो की झोपेतून उठवून विचारा.

आणि मग प्रत्येक डायरीत साधारण संक्रांतीच्या सुमाराला एक नोंद येते. सगळ्यात बोलकी २००६ ची: "१४ जानेवारी. तिळगूळ फार झाला. उद्यापासून." पंधरा तारखेपासून पान कोरं. पुढे मार्चमध्ये रद्दीचा भाव, कुणाला तरी दिलेले पाचशे रुपये, आणि एका पानावर नुसता एक फोन नंबर, नाव न लिहिलेला.

आपल्या भाषेला हे आधीच ठाऊक असावं. संकल्प आपण करतो, पण पूजेला बसलं की तो 'सोडतात'. गुरुजी तळहातावर पळीभर पाणी घालतात, संवत्सर, अयन, ऋतू, तिथी, वार, नक्षत्र सगळं म्हणतात, गोदावरीच्या कुठल्या तीरावर बसलो आहोत तेही सांगतात, आणि मग म्हणतात, "सोडा." पाणी ताम्हनात. मागणं एवढंसं आणि आपण कुठे, केव्हा बसलो आहोत याचा पत्ता एवढा मोठा. माझ्या संकल्पांत पत्ता कुठेच नव्हता. मी कोण, कुठे राहतो, रात्री किती वाजता जेवतो, याचा विचार न करता एकदम पहाटे पाच.

या बाबतीत माझी आजी फार व्यवहारी. आषाढी ते कार्तिकी चार महिने तिचा काहीतरी नेम असायचा. एके वर्षी वांगं नाही, एके वर्षी मौन धरून जेवायचं. नेम एकच, नेमका, त्याची मुदत ठरलेली आणि शेवटी उद्यापन. १९८१ साली जॉर्ज डोरन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी ध्येयं नेमकी, मोजता येण्याजोगी आणि मुदतीची असावीत असा लेख लिहिला आणि जगभरच्या कचेऱ्यांत तो आजतागायत शिकवतात. आजीच्या हाती तो पडला असता तर तिने तो वाचून बाजूला ठेवला असता आणि कांदेनवमीच्या भज्यांचं बघितलं असतं.

माझा गुरू मात्र आजी नव्हे, बेंजामिन फ्रँकलिन. दहावीच्या सुट्टीत त्याचं आत्मचरित्र वाचलं आणि बिघडलो. फिलाडेल्फियातला हा छापखानेवाला. ऐन तारुण्यात त्याने ठरवलं की आपण नैतिकदृष्ट्या परिपूर्ण व्हायचं. लग्न ठरवावं तसं ठरवलं. मिताहार, मौन, टापटीप, काटकसर असे बारा सद्गुण निवडले. मग एका स्नेह्याने सांगितलं की बाबा रे, लोक तुला गर्विष्ठ म्हणतात; तेव्हा तेरावी नम्रता घातली. (तिसरं तावदान! पण तेव्हा खिडकी निघायची होती.) आठवड्याला एक सद्गुण, तेरा आठवड्यांचा एक फेरा, वर्षाला चार फेरे. छोट्या वहीत लाल शाईने घरं आखली, सात दिवसांच्या सात रांगा. आणि नोंद कशाची? सद्गुणाची नव्हे. ज्या दिवशी चूक झाली त्या घरात एक काळा ठिपका.

थोडक्यात, फ्रँकलिन खाडे मांडत होता.

ठिपके खोडून खोडून कागदाला भोकं पडली, तेव्हा त्याने हस्तिदंताच्या पट्ट्या घेतल्या. ओल्या स्पंजने पुसलं की घर कोरं. टापटीप त्याला म्हातारपणापर्यंत जमली नाही. त्यावर तो एक गोष्ट सांगतो. एका माणसाला आपली कुऱ्हाड सगळी धारेसारखी चकचकीत करून हवी होती. लोहार म्हणाला, करतो, तू चाक फिरव. फिरवता फिरवता गडी घामाघूम. मधूनमधून येऊन बघतो तर पातं अजून ठिपक्याठिपक्यांचंच. शेवटी म्हणाला, द्या अशीच, मला ठिपक्यांचीच आवडते. दहावीच्या वयात मला त्या माणसाची कीव आली होती. यंदा वजनाचे आकडे ओळीने वाचले आणि त्याला घरी चहाला बोलवावंसं वाटलं.

आमची मुलगी बंगळुरूला असते. तिला माझ्या डायऱ्यांची कहाणी फोनवर सांगितली तर ती म्हणाली, "बाबा, आता वही कोण लिहितं? ॲप टाका." तिनेच इथे बसल्यासारखं टाकूनही दिलं. सकाळी चालून आलं की बोट लावायचं. एक ज्योत पेटते आणि सलग किती दिवस झाले तो आकडा तिच्याखाली येतो. "एकवीस दिवस पाळा, मग सवय लागते." नऊ दिवस मी चाललो. नऊचा आकडा बघताना मला जे वाटलं ते बढतीच्या आदेशानेही वाटलं नव्हतं. दहाव्या दिवशी पहाटे फोन आला, गावी चुलते गेले. गाडी धरून गेलो, रात्री परतलो, अंघोळ करून फोन बघतो तर ज्योत विझलेली आणि खाली शून्य. एका दिवसात दोन मयती. त्या यंत्राच्या लेखी मी जन्मात कधी चाललोच नव्हतो.

ते एकवीस दिवस कुठून आले याचीही गंमत आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते. नाक-चेहरा बदललेल्या माणसाला आरशातलं नवं रूप अंगवळणी पडायला कमीत कमी एकवीस दिवस लागतात असं त्यांनी पाहिलं आणि १९६० सालच्या आपल्या पुस्तकात लिहिलं. त्यातलं 'कमीत कमी' वाटेत गळून पडलं, नाकही गळून पडलं आणि सवय तेवढी उरली. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांना रोज एक साधी गोष्ट करायला लावून खरोखर मोजलं. तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सवय अंगी मुरायला सरासरी ६६ दिवस. कुणाला १८, तर कुणाचा हिशोब २५४ पर्यंत गेलेला. आणि माझ्या कामाची गोष्ट पुढेच होती: मध्ये एखादा दिवस चुकला तर त्याने म्हणण्यासारखं काही बिघडत नाही.

हे वाचलं त्या संध्याकाळी महिनाअखेर होती. ही स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभी राहून दुधाचा हिशोब करत होती. दूधवाला ज्या दिवशी येत नाही त्या चौकोनात ही एक गोल काढते. आला त्या दिवसाची नोंद नाही. येणारच, त्यात काय लिहायचं? "तीस दिवस, खाडे दोन. अठ्ठावीस." झालं. दोन खाडे झाले म्हणून दूधवाल्याला कुणी शून्यावर आणून बसवत नाही. 'आता एक तारखेपासून पहिल्यापासून दूध घाल' असं त्याला आजवर कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. आमच्या धुण्याभांड्याच्या बाईंचे गणपतीत पाच खाडे होतात, तरी त्या गेली चौदा वर्षं आमच्याकडे आहेत असंच आपण म्हणतो. मी मात्र एका तिळगुळाच्या वडीपायी अख्खं २००६ साल सोडून दिलं होतं.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलाने मनोवृत्तीचं सांगितलं होतं. कॅरल ड्वेक या बाईंचं २००६ सालचं पुस्तक. माणसाने 'मला जमत नाही' म्हणू नये, 'मला अजून जमत नाही' म्हणावं. त्या 'अजून'मध्ये वाढीला जागा असते. असेलही. पण मराठी घरात वाढलेल्या माणसाला 'अजून' हा शब्द ऐकला की पाठीवर थाप बसल्यासारखं नाही, धपाटा बसल्यासारखं वाटतं. अजून लोळतोयस? अजून अंघोळ नाही? अजून साहेबांना विचारलं नाहीत? त्या शब्दातून उमेद काढायची तर आधी आईचा आवाज काढून टाकावा लागेल.

पत्रक तसंच कोरं राहिलं आणि घट बसायच्या आधीची साफसफाई आली. माझ्याकडे फळ्या. डबे खाली काढायचे, जुना कागद काढून नवा घालायचा. आमच्याकडे जुनी कालनिर्णयं रद्दीत जात नाहीत, डब्यांखाली जातात. डाळीच्या डब्याखाली २००९ चा ऑगस्ट निघाला. कडा तेलकट, मधोमध डब्याचं वाटोळं भूत. दुधाचे तीन खाडे. 'गॅस लावला'. 'बाई नाही'. 'फी'. आणि नऊ चौकोनांत, तारखेच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात 'पे'.

पेन्शन म्हणावी तर तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा. पेट्रोल म्हणावं तर महिन्यात नऊ वेळा भरण्याइतकी ऐपत नव्हती. पेपरची रद्दी?

"अगं, हे 'पे' म्हणजे काय?"

ती डबे पुसत होती. वळून बघितलंही नाही. "पेटी."

"कुठली पेटी?"

"तुमची. वाजवायला बसलात की लिहीत होते."

"कशाला?"

"तुम्ही पेटीला बसलात ना, की दुसऱ्या दिवसापर्यंत धड बोलायचात. माझ्या आईच्या मोतीबिंदूचं, पोरीच्या क्लासचं, सगळं मी 'पे'च्या दुसऱ्या दिवशीच काढायची." मग जवळ येऊन तिने ओलं बोट कागदावर ठेवलं. "हा बघा, एकोणीसला फ्रीज बुक केला. अठराला काय आहे?"

अठराला 'पे' होतं.

मी जमिनीवर बसलो. पेटी मी गावच्या भजनी मंडळात शिकलो, म्हणजे बुवांच्या मागे बसून त्यांची बोटं पाहत. नोकरी लागल्यावर एका भजनीबुवांकडूनच जुनी, दुहेरी सुरांची पेटी घेतली. रात्री जेवणं झाली की काळी दोन धरून तास-अर्धा तास काहीतरी वाजवत बसायचं. शिकायचं असं काही नव्हतं. परीक्षा द्यायची नव्हती, कार्यक्रम करायचा नव्हता. अकरा डायऱ्या मी पुन्हा चाळल्या, अगदी मागच्या पत्त्यांच्या पानांपर्यंत. पेटी हा शब्द एकदाही नाही. तिथे काही गाठायचंच नव्हतं, मग ती यादीत कशी येणार?

बाकीचे डबेही उतरवले. ही म्हणाली, उरलेल्या फळ्या उद्या केल्या तरी चालतील. पण मला थांबवेना. रव्याच्या डब्याखाली २०१० चा मार्च, 'पे' सहा. पोह्यांखाली २०१२ चा जुलै, दोन. साखरेच्या डब्याखाली २०१४ चा नोव्हेंबर, त्यात दूध, गॅस, बाई, लाइट बिल, सगळं जागच्या जागी. 'पे' एकही नाही. तेरा साली मला बढती मिळाली होती. पेटी बंद केल्याचं मी कधी ठरवलं नव्हतं. ठरवून केलेल्या गोष्टी माझ्या हातून पंधरा दिवसांत सुटत होत्या, आणि ही न ठरवता सुटली ती दहा-अकरा वर्षं.

दासबोधात समर्थांनी मूर्खांची लक्षणं सांगायला एक अख्खा समास दिला आहे आणि शिकलेल्या मूर्खांसाठी त्याच दशकात दुसरा, वेगळा. पहिल्यात एक लक्षण असं की, घरात ज्याला शहाणपण सुचतं आणि चारचौघांत जो लाजतो, तो मूर्ख. ते मला साहेबांपुढे लागू आहे हे ठाऊक होतं. पण जे घरातसुद्धा सुचलं नाही आणि डब्याखाली सापडलं, त्याचं लक्षण मला दोन्ही समासांत आढळलं नाही. शोधतो आहे.

पेटी पलंगाखाली होती. खोळ काढली तर भात्याच्या घडीतून एक झुरळ निघालं आणि माझ्याकडे घरमालकाच्या नजरेने बघून आत गेलं. पांढरी एक दाबली तर तिघी एकदम बोलल्या. काळी दोनने नुसता सुस्कारा सोडला. पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे रिक्षातून घेऊन गेलो. दुकानात भिंतीला भाते टांगलेले, खाली सुरांच्या पितळी पट्ट्यांचा ढीग. त्याने झाकण उघडून आत फुंकर मारली.

"किती वर्षं बंद?"

"दहा-अकरा."

मला वाटलं आता बोलणी बसणार. मी मनातल्या मनात एक बचावही तयार ठेवला होता: आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली ती १९७१ साली सैल केली, एकतीस वर्षांचा खाडा, तरी पेटी राहिलीच ना? त्याची गरज पडली नाही. तो म्हणाला, "भाता नवा घालावा लागेल. सूर चांगले आहेत. पंधरा दिवस."

जीवनध्येय पत्रकाचा दिवस उजाडला. पहिल्या ओळीत 'पेटी' लिहिणार होतो. पेन टेकवलंही. मग वाटलं, नको. एकदा यादीत गेली की ती उद्यापासून सुरू होईल. म्हणून १९९७ ची डायरी समोर ठेवली आणि तिच्यातले पाचही संकल्प जसेच्या तसे उतरवले, फक्त वजनाचा आकडा बदलला. कोटवाल्या मुलाने ते वाचलं, खूश झाला आणि सगळ्यांना दाखवलं. म्हणाला, "बघा, ध्येयात किती स्पष्टता आहे."

घरी आलो तर कालनिर्णयावर नवी नोंद होती: 'पेटी दुरुस्तीला.' तिथून पंधरा घरं मोजून एका चौकोनाला तिने बारीक खूण केली होती.

"पंधरा म्हणजे पंधराच ना? की लांबेल?" हिने विचारलं.

"का गं?"

"काही नाही. वॉशिंग मशीन फार आवाज करायला लागलंय."